अंदमान: पाच रात्री शहरातल्या हॉटेलात काढाव्यात की हॅवलॉकच्या रिसॉर्टमध्ये?

नीलमोहर

नमस्कार. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण अंदमानला जात आहोत: सासू-सासरे, आम्ही दोघे आणि अकरा वर्षांची मुलगी. पुण्याहून चेन्नईमार्गे जाणारी विमानाची तिकिटे काढून झाली आहेत. दुपारी एकच्या सुमारास पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, उतरायचे आणि पाच रात्री राहून सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या विमानाने परत निघायचे, एवढे निश्चित आहे. राहायचे कुठे, यावर मात्र घरात एकमत होत नाही.

पहिला प्रस्ताव माझ्या यजमानांचा आहे. पाचही रात्री पोर्ट ब्लेअरमधल्या एका हॉटेलात राहायचे, सामान एकदाच उघडायचे आणि हॅवलॉक बेट एका दिवसात जाऊन-येऊन पाहायचे. दुसरा प्रस्ताव प्रवासी एजंटाचा आहे. त्याच्या मते शहरात पाहण्यासारखे अर्ध्या दिवसात संपते, म्हणून पाचही रात्री हॅवलॉकच्या समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये काढाव्यात आणि सेल्युलर जेल परतीच्या वाटेवर उरकून घ्यावा. हॉटेलचा दर एका खोलीला रोज ४,५०० रुपये आहे आणि रिसॉर्टचा ११,००० रुपये. दोन्हींत सकाळचा नाश्ता धरलेला आहे, कर वेगळा. आम्हाला दोन खोल्या लागतील.

प्रत्येकाची अपेक्षा वेगळी असल्यामुळे निर्णय कठीण झाला आहे. सासरे ७४ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, गुडघेही दुखतात, पण तात्याराव सावरकरांच्या कोठडीसमोर एकदा उभे राहायचे ही त्यांची फार जुनी इच्छा आहे आणि खरे तर सगळी सहल तिच्यापासूनच सुरू झाली. सासूबाईंनी आयुष्यभर स्वयंपाकघर सांभाळले. त्यांना कुठलेही स्थळ पाहायचे नाही. सकाळी उठल्यावर समोर समुद्र असावा आणि चहा कुणीतरी हातात आणून द्यावा, एवढेच त्या म्हणतात. त्या शाकाहारी आहेत. मुलगी पोहायला शिकली आहे आणि तिला पाण्याखालचे मासे पाहायचे आहेत. यजमानांना एक दिवस तरी कार्यालयाचे काम इंटरनेटवरून करावे लागेल.

ज्यांनी घरातल्या वयस्कर माणसांना घेऊन ही सहल केली आहे किंवा जे तिथे राहिले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर मत द्यावे.

खाडीपलीकडे

नीलमोहर, सर्वात आधी एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो: हॅवलॉक एका दिवसात जाऊन-येऊन पाहण्याचा बेत कृपया रद्द करा. कागदावर तो शक्य दिसतो, कारण सकाळी बोट जाते आणि दुपारनंतर परत येते. प्रत्यक्षात मात्र वयस्कर माणसांना भल्या पहाटे उठवायचे, बोट सुटण्याच्या तासभर आधी धक्क्यावर पोहोचायचे, ओळखपत्रे आणि सामान तपासून घ्यायचे, बोटीप्रमाणे दीड ते अडीच तास समुद्रात काढायचे, हॅवलॉकच्या जेटीवरून सुमारे बारा किलोमीटरवरच्या राधानगर किनाऱ्यावर ऐन उन्हात उतरायचे आणि दोन-अडीच तासांत परतीच्या बोटीसाठी पुन्हा गाडीत बसायचे, असा तो दिवस होतो. एकाच दिवशी दोनदा समुद्रप्रवास करून संध्याकाळी सासूबाईंना काय आठवेल, तर रांगा आणि बोटीतली खुर्ची.

शिवाय ज्यासाठी राधानगरला जायचे, ती वेळच अशा सहलीत हाताला लागत नाही. हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. मागे महुआची उंच झाडे, पुढे बारीक पांढरी वाळू, आणि सूर्य थेट समुद्रात उतरतो. अंदमान इतके पूर्वेला असूनही तिथे घड्याळ आपलेच चालते, त्यामुळे जानेवारीत साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि सहा वाजता अंधार पडलेला असतो. दिवसाच्या सहलीला आलेली मंडळी तोवर कधीच बोटीत बसून निघून गेलेली असतात. जो बेटावर राहतो त्यालाच संध्याकाळचा राधानगर मिळतो. २०२० साली भारतातल्या ज्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छतेचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले, त्यांत हा किनारा होता. तिथे कपडे बदलण्याची आणि स्वच्छतागृहांची सोय आहे आणि जीवरक्षकही असतात. लहान मुलगी बरोबर असताना याला महत्त्व आहे.

सासूबाईंची इच्छा वाचून मला मनापासून वाटते की त्यांना रिसॉर्ट मिळालेच पाहिजे. शहरातल्या हॉटेलच्या खिडकीतून समुद्र दिसला तरी तो रस्त्यापलीकडचा, बंदराचा समुद्र असतो. तिथे आपण बाहेर जाण्यासाठी राहतो. रोज सकाळी ‘आज कुठे?’ हा प्रश्न पडतो आणि टॅक्सी बोलवावी लागते. बेटावरच्या रिसॉर्टमध्ये नाश्ता झाल्यावर नारळाखाली बसून राहणे हाच दिवसाचा कार्यक्रम असतो, आणि ज्या बाईने वर्षानुवर्षे सकाळी साडेपाचला गॅस पेटवला, तिच्यासाठी त्याची किंमत पैशांत करू नये.

यजमानांच्या कामाविषयी: १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नई ते अंदमान ही समुद्राखालची केबल सुरू झाली आणि तिची एक शाखा स्वराज द्वीप, म्हणजे हॅवलॉकपर्यंत गेली आहे. त्यापूर्वी सगळे उपग्रहावर चालत असे आणि साधा ई-मेल पाठवतानाही कंटाळा येई. आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. तरीही काम महत्त्वाचे असेल तर ते पोर्ट ब्लेअरच्या मुक्कामात उरकावे.

माझे मत: पहिली रात्र शहरात, मग चार रात्री हॅवलॉक.

गोदातीर

खाडीपलीकडे यांचा प्रतिसाद सुंदर आहे आणि दिवसाच्या सहलीविषयी मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. पण प्रश्नातला सर्वात महत्त्वाचा शब्द ‘अँजिओप्लास्टी’ आहे आणि त्याचा त्यांनी विचार केलेला दिसत नाही.

हॅवलॉकवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. ताप, जखम, पोटाची तक्रार यांवर तिथे उपचार होतात. हृदयाची तक्रार उद्भवली, तर रुग्णाला बोटीने किंवा हेलिकॉप्टरने पोर्ट ब्लेअरच्या गोविंद बल्लभ पंत रुग्णालयात हलवावे लागते आणि ते हवामानावर, दिवसाच्या वेळेवर आणि उपलब्धतेवर अवलंबून असते. शहरातल्या हॉटेलातून तेच रुग्णालय टॅक्सीने काही मिनिटांवर असते. हा फरक खोलीच्या दरात दिसत नाही, पण ७४ वर्षांच्या माणसासाठी तोच मोठा आहे. माझ्या वडिलांना घेऊन मी गेलो तेव्हा आम्ही शहरातच राहिलो आणि त्यांना रात्री निर्धास्त झोप लागली.

दुसरे, ‘सेल्युलर जेल परतीच्या वाटेवर उरकून घ्यावा’ हे एजंटाचे वाक्य वाचून वाईट वाटले. आपले सासरे ज्या कोठडीसाठी येत आहेत, ती सातव्या इमारतीच्या सर्वात वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे. तिथे जिने चढून जावे लागते. दुखऱ्या गुडघ्यांनी, मध्ये थांबत, कठड्याला धरून चढायचे तर वेळ हवा. वर पोहोचल्यावरही त्यांना लगेच खाली उतरावेसे वाटणार नाही. १९११ च्या जुलैत तात्याराव तिथे आले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून त्याच तुरुंगात होते आणि तरीही कित्येक दिवस दोघा भावांची भेट होऊ दिली गेली नाही. १९२१ साली दोघांना तिथून हलवण्यात आले. ज्याने हे सगळे तरुणपणापासून वाचले आहे, त्या माणसाला त्या लांबलचक व्हरांड्यात हवा तेवढा वेळ उभे राहू द्यावे. मूळच्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत, पण तिन्ही आणि त्यांतली संग्रहालये नीट पाहायची तर एक सकाळ पूर्ण लागते. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम वेगळा. तो उघड्यावर, अंगणात बसून पाहायचा असतो. विमानाच्या दिवशी, सामान गाडीत ठेवून, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत हे करण्याची गोष्ट नाही.

शहरात पाहण्यासारखे अर्ध्या दिवसात संपते, हेही खरे नाही. अबर्डीन जेटीवरून बोटीने थोड्याच वेळात रॉस बेटावर जाता येते; २०१८ च्या अखेरीपासून त्याचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. ब्रिटिशांचे जुने प्रशासकीय ठाणे तिथेच होते. चर्च आणि बंगल्यांच्या भिंतींवर वडा-पिंपळाची मुळे चढलेली आहेत, हरणे आणि मोर माणसांना न घाबरता फिरतात, आणि चढ नको असणाऱ्यांसाठी बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या मिळतात. चॅथमची १८८३ सालची लाकूड गिरणी, मानववंशशास्त्र संग्रहालय आणि चिडिया टापूचा सूर्यास्त यांतच दोन दिवस जातात. शाकाहाराची चिंता शहरात करू नये. तमिळ आणि तेलुगू वस्ती मोठी असल्यामुळे अबर्डीन बाजाराच्या आसपास इडली, डोसा आणि केळीच्या पानावरचे साधे जेवण सहज मिळते.

माझा सल्ला पाचही रात्री शहरातच राहण्याचा आहे. मुलीला पाण्याखालचे मासे पाहायचे असतील तर वंडूरहून जॉली बॉय बेटावर नेता येईल. तेही दिवसाभरात परतून येता येते.

पूर्वकिनारा

नोकरीनिमित्त काही वर्षे पोर्ट ब्लेअरला राहिले आहे, म्हणून थोडे लिहिते. वरचे दोन्ही प्रतिसाद आपापल्या जागी बरोबर आहेत, पण दोघांनीही एकाच माणसाची इच्छा धरून पाचही जणांचे वेळापत्रक बसवले आहे.

शहर आणि बेट यांच्यामध्ये समुद्र आहे आणि तो ओलांडायला प्रत्येक वेळी अर्धा दिवस जातो. म्हणून तो एकदाच जाताना आणि एकदाच येताना ओलांडायचा, हे पहिले सूत्र. दुसरे सूत्र असे की परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री शहरातच झोपायचे, आणि यावर मी तडजोड करणार नाही. सकाळी अकराचे विमान हॅवलॉकहून त्याच दिवशी निघून गाठण्याचा विचारही करू नये. खाडीपलीकडे यांनी सुचवलेल्या चार रात्रींत नेमकी हीच अडचण आहे. डिसेंबर २०१६ मध्ये वादळामुळे बोटी बंद पडल्या, तेव्हा हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक काही दिवस अडकून पडले होते आणि नौदल व तटरक्षक दलाने त्यांना बाहेर काढले. जानेवारीत समुद्र बहुधा शांत असतो, म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण एक रात्र हाताशी राखलेली असावी.

तेव्हा दोन रात्री शहर, दोन रात्री हॅवलॉक आणि शेवटची रात्र पुन्हा शहर, असे करावे. खर्चाचा हिशेब मांडून दाखवते. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. म्हणजे आपली हॉटेलची खोली ४,७२५ रुपयांना आणि रिसॉर्टची १२,९८० रुपयांना पडते. दोन खोल्या पाचही रात्री शहरात घेतल्या तर ४७,२५०, पाचही रात्री रिसॉर्टमध्ये १,२९,८००, आणि मी म्हणते तसे केले तर ८०,२७० रुपये. बोटीचे भाडे वेगळे. रिसॉर्टमध्ये दुपारचे आणि रात्रीचे जेवणही बहुधा तिथेच घेतले जाते, ते हिशेबात धरावे.

गोदातीर यांची काळजी योग्य आहे, पण त्या कारणाने रिसॉर्ट पूर्ण रद्द करावे असे मला वाटत नाही. सासऱ्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना नेमका प्रश्न विचारा: दोन रात्री रुग्णालयापासून दोन-अडीच तास लांब, समुद्रापलीकडे राहिले तर चालेल का? त्यांनी होकार दिला तर जा, नकार दिला तर गोदातीर यांचा बेत स्वीकारा. इथल्या कुणाच्याही अनुभवाने त्या उत्तराची जागा घेऊ नये. बोट लागत असेल तर त्यावरची गोळीही त्यांनाच विचारून ठेवा, कारण हृदयाच्या औषधांबरोबर कुठली चालते ते तेच सांगू शकतील.

आता रिसॉर्ट निवडण्याविषयी, कारण याचा उल्लेख जाहिरातीत कधीच नसतो. हॅवलॉकची बरीचशी रिसॉर्टे पूर्व किनाऱ्यावर, गोविंदनगर आणि विजयनगर भागांत आहेत. तिथला समुद्र उथळ आहे आणि तळाशी खडक व प्रवाळ आहे. भरतीच्या वेळी पाणी बागेच्या कडेपर्यंत येते आणि त्याचा रंग डोळ्यांत मावत नाही. ओहोटीला तेच पाणी फार लांब मागे हटते आणि चिखल, खडक व मेलेले प्रवाळ उघडे पडते. त्यावरून चालणे धोक्याचे असते आणि पोहणे शक्यच नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हा फरक दोन मीटरच्या घरात जातो. रिसॉर्टने पाठवलेले छायाचित्र नेहमी भरतीचेच असते! म्हणून आपल्या तारखांचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी पाहून ठेवा. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्यावरून सकाळचा चहा पाण्यासमोर होईल की खडकांसमोर, हे कळेल. सासूबाईंना फक्त पाहायचे असल्यामुळे पूर्व किनारा चालेल, उलट तिथे खोलीसमोरच सूर्योदय मिळतो. मुलीने पोहायचे मात्र राधानगरलाच, जीवरक्षकांच्या नजरेसमोर. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत. २०१० साली राधानगरजवळच्याच एका खाडीमुखाशी मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक स्त्रीचा मृत्यू झाला होता. सूचनाफलक असेल तिथे आणि अंधार पडू लागल्यावर पाण्यात उतरू देऊ नये. वाळूतल्या बारीक माश्याही चावतात, म्हणून संध्याकाळी पाय झाकलेले असू द्यावेत.

हॅवलॉकच्या गावांत फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची कुटुंबे वसलेली आहेत, त्यामुळे जेवणात मासे-भात प्रधान आहे. रिसॉर्टला शाकाहारी जेवणाचे आधी लेखी कळवले की अडचण येत नाही.

नीलमोहर

आपल्या सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. पूर्वकिनारा यांचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला आणि पहिल्यांदाच कुणी हरकत घेतली नाही. डॉक्टरांची वेळ या शनिवारी घेतली आहे. दोन शंका उरल्या आहेत. मुलीबरोबर तिच्या वडिलांनाही स्कूबा डायव्हिंग करायचे आहे, ते कुठल्या दिवशी ठेवावे? आणि तुरुंग पहिल्या दिवशी पाहावा की दुसऱ्या?

पूर्वकिनारा

तुरुंग दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण सकाळ राखून. पहिल्या दिवशी विमानाचा थकवा असेल, तेव्हा खोलीवर विश्रांती घ्या आणि प्रकृती ठीक वाटली तर फक्त संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम पाहा. त्याची तिकिटे सुटीच्या हंगामात लवकर संपतात, ती आधीच काढून ठेवा. कोठडी पाहून आल्यावर दुपारी सासऱ्यांना कुठेही नेऊ नये. यजमानांनी आपले काम त्याच दुपारी करावे.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक आणि त्याच संध्याकाळी राधानगर. डायव्हिंग चौथ्या दिवशी सकाळी. पाण्याखाली श्वास घेऊन वर आल्यावर शरीरात नायट्रोजन विरघळलेला राहतो आणि लगेच विमानात बसल्यास तो त्रासदायक ठरू शकतो, म्हणून डायव्हिंग आणि विमानप्रवास यांत निदान अठरा तासांचे अंतर ठेवण्याची पद्धत आहे. चौथ्या दिवशी सकाळी केले तर आपल्याजवळ जवळजवळ दोन दिवस राहतात. साधारणपणे दहा वर्षांवरील मुलांना प्रशिक्षकाबरोबर नेतात. आरोग्याचा अर्ज भरून घेतात, तो खरेपणाने भरावा. मुलीला त्या दिवशी सर्दी असेल तर पाण्याखाली पाठवू नये, कान दुखावतात. तिला भीती वाटली तर बोटीने एलिफंट बीचला नेऊन वरूनच मासे दाखवता येतील. पाचव्या दिवशी परतीसाठी शेवटची बोट न घेता आधीची घ्या, आणि सर्वांची मूळ ओळखपत्रे हातातल्या पिशवीत ठेवा.

गोदातीर

डॉक्टरांनी परवानगी दिली तर हा क्रम मलाही मान्य आहे. एकच भर घालतो. हॅवलॉकची खोली ठरवताना ती तळमजल्यावरची मागून घ्या आणि जेवणघरापर्यंत किती पायऱ्या किंवा किती वाळू तुडवावी लागते, हे फोनवर विचारा. काही रिसॉर्टांतल्या झोपड्या खांबांवर उभारलेल्या असतात आणि त्यांच्या अरुंद लाकडी पायऱ्या गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिवसातून अनेकदा चढाव्या लागतात.